गोजराबाईच्या मुंगवड्या आणि मी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. कारंजा गावच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सात नंबरच्या रेच्याच्या दातेरी चाकांवर बसवलेली. मित्रांनो, सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. चाकांनी कुणाचा हात ओढू नये, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. सैफुद्दीन मिस्त्रीने मला घडवलं, चार बोल्टांनी आवळलं आणि म्हणाला, "अब यहाँच रहना."

राहिले असते. पण माझ्या भोकांत रुई अडकायची आणि ती काढायला रेचा दहा मिनिटं थांबवावा लागायचा. दहा मिनिटं मॅनेजरला जड झाली. ऐन सीझनमध्ये त्याने मला काढायला लावलं आणि चौकीदाराच्या खोलीमागे फेकलं. मिस्त्रीनेच बोल्ट काढले. पोट त्यालाही होतंच.

तिथे चौकीदार भाऊसिंगची बायको गोजराबाई हिने मला चार विटांवर ठेवलं आणि माझ्यावर मुगाच्या डाळीच्या मुंगवड्या घातल्या. खालून वारा, वरून ऊन. वड्या छान वाळायच्या. ती माझं कौतुक करायची. मला मात्र लाज वाटायची. माझी जागा उघडी होती, आणि त्या उघड्या चाकांपाशी बायका दिवसभर उभ्या होत्या.

दोन सीझन असेच गेले. चोपन्न सालच्या माघात तांड्यावरच्या हिरीबाईच्या ओढणीचं टोक चाकांत गेलं. ते सोडवायला तिने उजवा हात घातला. चार बोटं गेली.

तिला दवाखान्यात नेलं, आणि त्याच संध्याकाळी मला उचलून रेच्यावर चढवलं! कपड्याने पुसलं, बोल्ट आवळले. आता कशाला, ते ऐका. कामावर मजुराचा हात तुटला तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आहे. पण मजुराने मुद्दाम जाळी काढली असेल तर मालक सुटू शकतो. तेवढ्या फटीतून शेठला निसटायचं होतं.

आठ दिवसांनी कारखाने तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर आले. हिरीबाई हाताला फडकं बांधून उभी होती. घरात खाणारी तोंडं चार, आणि कमावता हात तोच होता.

मॅनेजर म्हणाला, "हिनंच काढली जाळी, साहेब. आम्ही तर कायम लावून ठेवतो."

"मले पाना धराले बी येत नाही, साहेब," हिरीबाई म्हणाली. "चार बोल्ट म्या कायनं काढले असतीन?"

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं. तो तेलाच्या डब्यात नजर घालून बसला. मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला तोंड नसतं. तोंड असलेली माणसं गप्प बसतात, त्याचा राग मला आजही येतो.

साहेबांनी माझ्या भोकात नख घातलं. पिवळा, कडक तुकडा निघाला. "हे काय?"

"कापसाचा कचरा, साहेब," मॅनेजर म्हणाला.

दारात पाण्याची घागर घेऊन गोजराबाई उभी होती. तिने घागर दाणकन खाली ठेवली. "कचरा कोनाले म्हनता? माह्या मुंगवड्या हायेत त्या! दोन सीझनपासून याच जाळीवर वाळवून राह्यली मी. जाळी इथं होती, तं वड्या काय तुमच्या टकलावर वाळवल्या?"

बायका फिसकन हसल्या. भाऊसिंग घाबरला. "अवं, गप ना! खोली जाईन."

"जाऊ द्या. तिचे बोटं गेले, ते दिसत नाही तुमाले?"

मग मिस्त्री उठला. "सच बोलती है," तो हळूच म्हणाला. "मैंनेच निकाली थी. मॅनेजरसाबने बोला था."

साहेबांनी तो तुकडा कागदात बांधून नेला. पुढे हिरीबाईला भरपाई मिळाली. बोटं मिळाली नाहीत. आणि गोजराबाईची खोली गेलीच.

त्या वर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. शेठने स्वतः मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. फोटोही काढला. हाराखाली मात्र माझे दोनच बोल्ट लावलेले होते, पटकन काढता यावं म्हणून.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी मालक व्हाल, कुणी मजूर. मालक झालात तर मला हार घालू नका, चारही बोल्ट लावा. हात गेलाच कुणाचा, तर त्याची भरपाई द्या. त्याला खोटं पाडू नका. आणि मजूर झालात तर तेलाच्या डब्यात बघत बसू नका. गोजराबाईसारखी घागर खाली ठेवा आणि बोला.