भिंतीच्या आतली जागा

"जागा नाही," जयवंताबाई म्हणाली आणि कब्रस्तानाच्या फाटकाचं कुलूप तिनं तसंच राहू दिलं.

फाटकाबाहेर सायकलरिक्षा थांबली होती. चर्चच्या मंडळीचे जुने सेक्रेटरी मधुसूदनराव खाली उतरले होते. आत त्यांची सून रुख्मिणी बसली होती आणि तिच्या मांडीवर लहानशी लाकडी पेटी होती. चार दिवसांचा नातू पहाटे गेला होता. मुलगा भिलाईला होता, त्याची गाडी संध्याकाळी पोचणार होती. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यातलं नागपूरचं ऊन कुणासाठी थांबत नव्हतं.

"जागा नाही? काहून वं बाई? मी पाळकसाहेबाशी बोलून आलो ना."

"बाप्तिस्मा झाला होता का लेकराचा?"

"चार दिवसाचं लेकरू. कधी होईन?"

"मंग भिंतीच्या आत जागा नाही. नियम हाय."

हा नियम तिनं केलेला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी याच फाटकात याच माणसानं तो तिला ऐकवला होता. तिचा नवरा धोंडबा तेव्हा इथला चौकीदार. मंडळीतल्या साऱ्या मोठ्या घरांच्या कबरी त्यानं खणल्या, आणि स्वतःची तीन दिवसांची मुलगी गेली तेव्हा मात्र त्याला भिंतीबाहेर खणावं लागलं. मधुसूदनराव मनगटावरचं घड्याळ पाहत म्हणाले होते, नियम म्हणजे नियम. आता स्वतःच्या नातवाची वेळ आली, तर पाळकसाहेबांशी दोन शब्द बोलून काम झालं! एवढा स्वस्त नियम होता, तर तेव्हा त्या बाळंतिणीला का रडवलं? याचं उत्तर मंडळीतला एकही शहाणा देणार नाही.

द्वेषावरची प्रवचनं जयवंताबाईनं पुष्कळ ऐकली होती. त्या प्रवचनांतला द्वेष म्हणजे सैतानानं पेरलेलं काहीतरी काळंकुट्ट. तिच्या मनात तो तसा आलाच नाही. तो न्यायाची बाजू घेऊन आला, म्हणून तिनं त्याला आत घेतलं, बसायला दिलं. मधुसूदनरावांच्या मुलाची नोकरी गेली, तेव्हा तिनं चहात चमचाभर साखर जास्त घातली. त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला, तेव्हा सगळ्यांबरोबर प्रार्थनेला उभी राहिली, पण 'आमेन' म्हणाली नाही. आणि आज सकाळी बाळाची बातमी कळली, तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की आता समजेल त्याला. त्या विचाराची तिला लाजसुद्धा वाटली नव्हती.

"माह्या लेकीच्या टायमाले तुमीच सांगतलं होतं, साहेब."

मधुसूदनरावांनी कपाळावर आठ्या घातल्या. "कोणती लेक? तुमाले लेक होती?"

ते सोंग नव्हतं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं! जिच्यापायी जयवंताबाईनं स्वतःच्या काळजाची अशी नासाडी करून घेतली, ती गोष्ट या माणसाच्या डोक्यात एक दिवससुद्धा टिकली नव्हती. त्याची गचांडी धरावी असं तिला वाटलं.

रुख्मिणी रिक्षातूनच म्हणाली, "काकू, पेटी गरम होऊन राहिली."

तिनं आपला पदर पेटीवर पसरला होता. स्वतःचं डोकं उघडंच होतं.

जयवंताबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं कुलूप काढलं. "साहेब, हे तुमच्यासाठी नाही उघडलं. समजलं?"

धोंडबा जाऊन चार वर्षं झाली होती, खणायचं काम आता तिच्याकडेच होतं. कडुनिंबाखाली बरी जागा होती, तिथे तिनं कुदळ चालवली. राग गेला नव्हता. प्रत्येक घावाबरोबर तो वर येत होता, आणि तरीही ती खड्डा नीट, चौकोनी करत होती. पेटी खाली ठेवली, माती लोटली. रुख्मिणीनं विचारलं, "तुमची कुठं हाय, काकू?"

"भिंतीबाहेर होती. मंग सडक रुंद केली ना त्यायनं. सडकेखाली गेली."

"नाव काय होतं?"

"नाव नव्हतं पोरी. बाप्तिस्म्याले ठेवणार होतो."

मधुसूदनरावांनी चष्मा लावून प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. रुख्मिणी मात्र उठून फाटकाकडे चालू लागली.

"सूनबाई, प्रार्थना राह्यली ना! उन्हात कुठं चालली?"

ती बाहेर गेली, भिंतीला लागून सडकेवर उतरली आणि तापलेल्या डांबराच्या कडेला हात जोडून उभी राहिली. समोरून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला. ती हलली नाही. ट्रकच बाजूनं गेला.