तीनशे चाळीस मुष्टियोद्धे आणि मी

मित्रांनो, माझ्या डोक्यावरचा हा पोचा बघा. त्याच्या शेजारचा बघा. तिसरा पाठीला आहे, तो तुम्हाला दिसायचा नाही. आता तुम्हाला वाटेल, हा कोणी मारामाऱ्या करणारा दिसतोय. तसं नाही. मी एक जुना कम्प्युटर आहे. अलिबागच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या एका कॉलेजात मी पोरापोरींना पुढे काय करावं ते सांगतो. हे पोचे त्याच कामात पडलेत.

पहिला मार मात्र त्याच्या खूप आधी, न्हावा शेवाला खाल्ला. कंटेनरमधून उतरवताना माझं खोकं वरून पडलं. खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं, म्हणजे आत नाजूक वस्तू आहे. ज्याच्या हातून पडलं तो चित्र बघून म्हणाला, "पेलेच हायत. फुटले असतील," आणि मला पायाने बाजूला सरकवलं.

मग अलिबागच्या एका ऑफिसात मी सात वर्षं काढली. तिथले साहेब रोज सकाळी मला दोन थपडा मारायचे. मी चालू असलो तरी मारायचे. त्यांच्या हाताखालचा भावेश मला लाथ मारायचा, कारण हाताने मारण्याचा मान साहेबांचा होता. तिथे नवे कम्प्युटर आले तेव्हा मला हार घालून या कॉलेजाला दान दिलं. पाहुण्यांनी फीत कापली. फितीबरोबर माझी वायरही कापली. टाळ्या वाजल्या आणि मी पुढचे तीन महिने बंद होतो.

पण नंतरचे दिवस सोन्याचे होते. सुचिता मॅडमनी मला करिअर मार्गदर्शन कक्षात बसवलं. माझ्यात ऑनलाइन कल चाचणी होती. साठ प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाचपैकी एक आकडा दाबायचा. एक म्हणजे 'मुळीच नाही', पाच म्हणजे 'अगदी बरोबर'. शेवटी छापील अहवाल, त्यावर कॉलेजचा शिक्का. तळा गावाहून शिकायला आलेली साक्षी सव्वा तास विचार करून एकेक आकडा दाबत होती. माणसांची सेवा तुला जमेल, असा अहवाल आला तेव्हा तिने माझा पडदा ओढणीने पुसला. कोणी हात लावला आणि दुखलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी अवजारं पुजतात. होडीचं इंजिन पुजतात, रिक्षा पुजतात, मग मी कसा सुटणार? शिपाई हरेश्वरकाकांनी मला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि नारळ उचलला. नारळ खरं म्हणजे जमिनीवर फोडायचा. पण लादी नवीन होती. काकांनी लादी वाचवली आणि नारळ माझ्या टाळक्यात फोडला. सगळं पाणी कीबोर्डमध्ये गेलं आणि पाचाचं बटण खाली अडकून बसलं.

दुसऱ्या दिवशी पहिला मुलगा बसला. त्याने बोट उचलायच्या आत साठच्या साठ प्रश्नांना पाच, पाच, पाच पडत गेले. नऊ सेकंदांत अहवाल बाहेर. मॅडम घाबरल्या.

"घाबरू नका मॅडम," काका म्हणाले. "पूजा झालीय ना. आता इचारायचं कामच न्हाय. मनातलं वळखतो तो."

मॅडमना शुक्रवारपर्यंत तीनशे चाळीस मुलांच्या चाचण्या संपवून वर कळवायचं होतं. त्यांनाही ते पटलं.

आता त्या चाचणीतले पहिले प्रश्न ऐका. मला राग पटकन येतो. अगदी बरोबर. वस्तू फोडल्यावर मला बरं वाटतं. अगदी बरोबर. माणसांच्या बाबतीतही तसंच. अगदी बरोबर. एवढं झाल्यावर पुढे 'मला फुलं आवडतात'लाही अगदी बरोबर म्हणून काय उपयोग? तीनशे चाळीस जणांना एकच अहवाल मिळाला. आक्रमकता शंभरपैकी शंभर. योग्य क्षेत्रं : मुष्टियुद्ध, इमारती पाडणे, गुंडांचा बंदोबस्त.

आणि मुलांनी तो मनावर घेतला. कोंबड्यालाही भिणारा स्वराज जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ठोसे मारू लागला. मारून झाल्यावर सॉरी म्हणायचा. गणराजने सायकल स्टँडची भिंत पाडली. प्राचार्यांनी जाब विचारला तर त्याने शिक्क्याचा कागद पुढे केला. कॅन्टीनमध्ये एका वड्यावरून अकरा जणांची डोकी फुटली आणि अकराही जण म्हणाले, आमचा कलच तसा आहे.

या धुमाळीत एका दुपारी मृणाली आली. शेवटच्या वर्षाची. तिचे वडील रतन नाखवा, स्वतःच्या बोटीचे मालक. दहावीपासून त्या बोटीचं इंजिन मृणालीच खोलायची, मृणालीच जोडायची. तिला न्हावा शेवाजवळ जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायचं होतं. फॉर्म भरायला त्या दिवशी पाच वाजेपर्यंतच मुदत होती आणि त्यावर वडलांची सही हवी होती. नाखवा म्हणत होते, बँकेची परीक्षा दे. शेवटी त्यांनी निवाडा माझ्यावर टाकला होता.

"बाबा, मी मोबाईलवर देते ना चाचणी," मृणाली म्हणाली. "हा बिघडलाय. सगळ्यांना एकच सांगतो."

"मोबाईलवर कायपन येतं. ह्याची पूजा झालीय. हा इंजिन बोलला तर मी आत्ता सही करतो. न्हाय बोलला तर बँक."

ती बसली. नऊ सेकंद. कागद बाहेर आला. नाखवांनी तो लांब धरून वाचला.

"मुष्टियुद्ध म्हंजे काय रं?"

"ठोसे मारायचे, नाखवा," हरेश्वरकाका म्हणाले. "थोबाडावर."

"माझी पोर? जाळ्यात कासव घावलं तर अर्धं जाळं कापून सोडते ही. हिचा बाप बोंबलतो, त्याचं काय न्हाय."

"काय करनार? प्राचार्यांच्या पोरीला पन तेच आलंय."

नाखवांनी खुर्ची उचलली. पहिल्या घावाला पडदा गेला. दुसऱ्याला झाकण उडालं. तिसरा पाठीत बसला आणि माझा पंखा सुटून व्हरांड्यात घरंगळत गेला. आवाज ऐकून गणराज आणि स्वराज धावत आले. "प्रॅक्टिकल चालू झालं वाटतं," असं म्हणत गणराजने प्रिंटरला ठोसा हाणला. स्वराजने मॅडमना मारला आणि सॉरी म्हटलं. मॅडमनी त्याच्या डोक्यात हजेरीपट घातला. सॉरी मात्र म्हटलं नाही. काका मध्ये पडायला गेले आणि खरोखरच पडले.

"बसा सगळी खाली," मृणाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तरी सगळे बसले.

तिने दप्तरातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मला जमिनीवर आडवं केलं आणि उघडलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतक्या जणांनी मला मारलं, पण आत काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं. तिने एकेक स्क्रू काढून वडलांच्या तळहातावर ठेवला. पंखा मागवून घेतला. तुटलेली वायर दातांनी सोलून जोडली. अडकलेलं बटण उपटलं, घासलं, परत बसवलं. शेजारच्या वर्गातला पडदा आणून लावला. नाखवा तळहात पसरून बसले होते, जराही न हलवता.

पाचला वीस मिनिटं कमी असताना मी चालू झालो.

"आता देते परत चाचणी," मृणाली म्हणाली. "आता खरं सांगंल तो."

नाखवांनी तळहातावरच्या उरलेल्या दोन स्क्रूंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको," ते म्हणाले. "ह्याला काय ठावं? ह्याला तर तू चालू केलंस. आन तो फॉर्म."

माझ्याच पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली, मृणालीने मोबाईलवर त्याचा फोटो काढून माझ्यात घातला, आणि तो फॉर्म मीच पाठवला. मॅडमचा अहवाल मात्र आधीच वर गेला होता. एवढी एकमताची मुलं जिल्ह्यात कुठे नाहीत म्हणून कॉलेजचं कौतुक झालं आणि मुष्टियुद्धाच्या हातमोज्यांची खोकी आली.

मित्रांनो, मला जरूर विचारा, त्यासाठीच मी बसलोय. पण प्रश्न स्वतः वाचा आणि आकडा स्वतः दाबा. मी चुकलो तर मारू नका, उघडून बघा.

हे मी नाखवांना मात्र सांगत नाही. मृणालीने तिकडे नवीन इंजिन जोडलं की ते मासळी विकून मुद्दाम कक्षात येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि विचारतात, "काय बोलला व्हतास तू? ठोसे मारंल?" मग हसत हसत माझ्या टाळक्यात एक सणसणीत चापट देतात. गेल्या महिन्यात तीन बसल्या. पोरीचं बरं चाललंय.