फाटकावरचा कामेन

…कागदाच्या वरच्या कोपऱ्यातली टाचणी तेवढी गंजली होती, आणि गंजाचा ओघळ कामेनच्या कपाळावरून थेट डोळ्यापर्यंत उतरला होता. गेलेल्या माणसाचा फोटो छापून फाटकावर लावायचा — चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने — सारं गाव लावतं. पण 'शेजाऱ्याच्या तारेने मारला गेला' असं दुसऱ्या कुणाच्या कागदावर नव्हतं. त्याच्या बायकोने, वेलिकाने, ते हट्टाने छापून घेतलं होतं. दिवाणी कोर्टानेच म्हटलं होतं ना! राद्कोने रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली, तिने तुझा नवरा गेला, जबाबदार राद्को.

आणि आज फौजदारी कोर्टाने त्याच राद्कोला निर्दोष सोडलं.

"मग पहिला निकाल खोटा?" तिने कोर्टाच्या पायरीवरच विचारलं होतं.

"खोटा कशाला, मावशी? तोही खराच," तिची वकिलीण मिलेना म्हणाली. "तार त्याची, म्हणून भरपाई त्याच्या गळ्यात. पण तुरुंगात घालायचं तर गुन्हा नव्याने शाबीत करावा लागतो. तिथे आधीचा निकाल चालत नाही."

दोन्ही खरे! म्हणजे एक कामेन मारला गेलेला, आणि एक… नुसताच मेलेला. परतताना बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती, तरी ती अंग चोरून बसली.

दूधवालीची साक्ष तिने आजच पहिल्यांदा ऐकली — त्या सकाळी राद्को ओरडला होता, "कामेन, तिकडून जाऊ नको रे, वीज चालू आहे!" आणि कामेनने हात हलवला होता. ऐकलं, म्हणून. ऐकूनही तिकडेच गेला? त्या सकाळी त्याने आपली कॉफीची कपबशी स्वतः धुतली होती… जन्मात कधी न धुतलेली. धुऊन पालथी घातली होती. मी मेली हसले, म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला!

"वेलिका," ती फाटकाशी पोचताच राद्को त्याच्या अंगणातून म्हणाला, "आता तरी काढ गं तो कागद."

"तूच मारलास त्याला."

"कोर्टाने—"

"कोर्ट गेलं खड्ड्यात! तू म्हण ना, राद्को. एकदाच म्हण, मी मारला." आपला आवाज भांडणाचा नाही, विनवणीचा आहे, हे तिला ऐकू आलं आणि ती चरकली.

राद्कोने तिच्याकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि घाईने आत गेला.

फाटक ढकलायचं तर हात कामेनच्या तोंडावरच पडणार होता. तिने बोटाने ओघळ पुसला. गंज ओला होता, कोमट.

"कामेन… तुला ऐकू आलं होतं?"

आणि लगेच तिला वाटलं, देवा, आता याने उत्तर देऊ नये.