बारा हजार तीनशे ई-ग्रंथ

“या तालुक्यातला एकही ग्रंथ यापुढे मरणार नाही,” असं तहसीलदार साहेबांनी बदनापूरच्या वाचनालयात, डिजिटल ग्रंथालयाच्या उद्घाटनाला जाहीर केलं. दोनदा केलं, कारण पहिल्या वेळी फोटोग्राफर चहा घेत होता.

प्रगती डोळे दिपवणारी होती. वाचनालयात पुस्तकं एक्केचाळीसशे, डिजिटल ग्रंथालयात ई-ग्रंथ बारा हजार तीनशे. पुढचं कव्हर एक फाइल, मागचं कव्हर दुसरी, प्रकाशकाच्या नावाचं पान तिसरी. आणि अहवालात दर फाइलीला एक ग्रंथ. संगणकावर चढवलं ते प्रकाशित, या न्यायानं तालुक्याचं वार्षिक ग्रंथप्रकाशनही तेवढंच भरलं. त्या वर्षी गावात लग्नपत्रिकांपलीकडे काही छापलं गेलं नव्हतं.

टाळ्या थांबेपर्यंत बेबीनंदा थांबली. तिचे वडील सर्जेराव मजुरी करता करता भीमजयंतीची गाणी रचायचे. जुन्या जालन्यात त्यांनी त्या गाण्यांचं पुस्तक छापून घेतलं होतं, तीनशे प्रती. उरलेली शेवटची प्रत तिनं महिन्यापूर्वी इथं स्कॅनिंगला दिली होती.

“काकासाहेब, आबांचं पुस्तक उघडा बरं.”

ग्रंथपाल काकासाहेबांनी संगणकावर उघडलं. कव्हर. कव्हर. पान.

“गाणी कुठंयत?”

“गाण्यांचा रकाना न्हाई अहवालात, बेबीताई.”

“मंग माझं पुस्तक वापस द्या.”

काकासाहेबांनी चष्मा पुसला. “कव्हर सपाट झाल्याबिगर मशीन घेत न्हाई. उपटावं लागलं. आतलं परवा रद्दीत गेलं, पुंजारामकडं. कॉम्प्युटरला जागा पाहिजे होती.”

“चाळीस वर्षं मी त्याला वाळवी लागू दिली न्हाई,” बेबीनंदा म्हणाली. “तुम्हाला एक महिना पुरला.”

साहेब मधे पडले. “ताई, एवढ्या मोठ्या कामात थोडं इकडंतिकडं व्हायचंच. तुम्ही आकडेवारी बघा.”

“आकडेवारी गाऊन दाखवा मला.”

साहेबांना गाता येत नव्हतं. बेबीनंदा तडक पुंजारामच्या दुकानात गेली. तिथं वर्तमानपत्रं आणि शाळेच्या वह्या उपसत दोन तास बसली. परत आली तेव्हा पाहुण्यांची जेवणं चालली होती. तिनं साहेबांचं ताट पुरी-भाजीसकट बाजूला सारलं आणि पदरातला ढीग टेबलावर ओतला.

“चौसष्ट पानांतली अठ्ठावन्न आहेत. बाकीच्या सहांवर कुणीतरी भजी खाल्ली.”

फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीत घातला.

साहेब उभे राहिले. “याची रीतसर चौकशी होईल. मी आजच समिती नेमतो. जबाबदार कुणीही असो, कितीही मोठा असो, मी स्वतः त्याला...”

“साहेब,” पानं क्रमानं लावता लावता बेबीनंदा म्हणाली, “तो पंखा बंद करा जरा. पानं उडून राह्यलीत.”