राखेवर जळणारा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना काँक्रीटचा ठोकळा आहे. काँक्रीट तपासायच्या खोलीत दाराला टेकू म्हणून बसतो. आम्हा ठोकळ्यांना अठ्ठावीस दिवस पाण्याच्या हौदात मुरवतात, मग यंत्रात दाबून ताकद मोजतात. मला मात्र काकांनी, म्हणजे इथल्या जुन्या मिस्त्रींनी, तिसऱ्याच दिवशी बाहेर काढलं. का? तर दार वाऱ्यानं आपटत होतं! मुरणं राहिलं, परीक्षाही राहिली. तरी अंगात नुसतं अस्सल सिमेंट, त्याचा मला कोण तोरा!

एकदा आमच्या इंजिनिअर ताईंनी थोडं सिमेंट कमी करून त्या जागी कारखान्याच्या भट्टीतली राख घातली आणि दोन ठोकळे केले. त्या राखेचा ढीग त्यांच्या लेकीच्या शाळेमागेच होता. पोर रोज खोकत घरी यायची.

ताई हौदात हात घालून त्या ठोकळ्यांना कुरवाळायच्या. पोट नसूनही माझ्या पोटात दुखायचं. राख बिचारी जळायचं ते जळून आली होती. आता जळत होतो मी.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिला ठोकळा यंत्रात लवकरच फुटला. मी मनातल्या मनात नाचलो.

"ताई, राखेनं भांडी घासावीत," काका हसले. "इमारती कसल्या बांधता?"

"राख उशिरा ताकद धरते, काका. दुसऱ्याला नव्वद दिवस देऊ. तोही असाच फुटला, तर साहेब प्रयोग बंद करणार आहेत."

'फुटू दे, फुटू दे,' असा मी रोज जप केला.

नव्वदाव्या दिवशी यंत्राचा काटा चढत गेला. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांना मागे टाकून चढला. ताईंनी हळूच डोळे पुसले.

"घ्या! भांडी घासणारीच घरधनीण निघाली," काका म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या म्हाताऱ्याची खडी करून राखेच्या काँक्रीटमध्ये घालू का? पण मग दाराचं काय?"

"दाराला कडी बसवा की, काका!"

इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मित्रांनो, उशिरा धरणाऱ्याला कच्चा म्हणू नका. आणि कुणाला अर्ध्यातच पाण्यातून काढू नका. तो आयुष्यभर दुसऱ्यावर जळत बसतो. उद्या माझी खडी होईल. जिच्यावर जळलो, त्या राखेच्याच कुशीत मी हौदात उतरेन. पुरते नव्वद दिवस! दार आपटलं तर आपटू दे.