बरी झालेली बाई

सीटखालचा खटका गंजला होता की अडकला होता कोण जाणे. अम्पारोने दोनदा हात घालून पाहिला, बोटांना तेलकट धूळ लागली, पण सीट काही मागे सरकेना. गुडघे पुढच्या कप्प्याला टेकलेले ते टेकलेलेच. पिएदाद, गालोची पहिली बायको, बुटकी होती. आपल्या खांद्याला लागली असती जेमतेम... म्हणजे आपण तिला पाहिलं ते एकदाच, चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या अलीकडून. पण या सीटला तिचं माप बसलं होतं, आणि ती जाऊन वर्ष होत आलं तरी गाडीला त्याचा पत्ता नव्हता.

“नीट बसलीस ना?” गालोने विचारलं.

“हो.”

नऊ वर्षांत या गाडीत ती कधी बसली नव्हती. तो यायचा टॅक्सीने, क्विटोच्या दक्षिणेला, जिकडे त्याच्या ओळखीचं चिटपाखरू फिरकत नसे. टेकडीवरची पंखवाली कुमारीमाता उत्तरेकडे तोंड करून उभी, आणि दक्षिणेतल्या माणसांचा ठरलेला विनोद, की देवाच्या आईनेसुद्धा आपल्याकडे पाठ फिरवलीय. अम्पारोची आई म्हणायची, “फिरवू दे बाई, तोंड बघून तरी काय दिलं असतं तिने?” आता लग्न झालं होतं. नोंदणी कचेरीत, तिथल्याच दोन कारकुनांच्या साक्षीने. तरी ती दक्षिणेतल्या त्याच खोल्यांत राहत होती आणि तो तसाच येत-जात होता. लोरेनाला, म्हणजे मुलीला, एकदम धक्का नको. आईच्या वर्षाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, होऊ दे, मग सांगू. तोवर ही सहल. नऊ वर्षं कबूल केलेली. एकदा तुला किलोतोआचं तळं दाखवीन, म्हणायचा तो बुटाची नाडी बांधता बांधता, घरी जायच्या घाईत.

माचाचीच्या पुढे ढग फाटले आणि कोतोपाक्सीचा डोंगर अख्खाच्या अख्खा बाहेर आला, पांढरा, उन्हात डोळे दिपवणारा. गालोने वेग कमी केला.

“बघ. खास तुझ्यासाठी पडदा बाजूला केलाय.”

वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालेलं होतं की तिला त्याच्या कडासुद्धा लागल्या नाहीत. याच वळणावर, असाच वेग कमी करून, पिएदादलाही... पण असं किती खोदायचं? माणसाजवळ वाक्यं असून असून असतात किती? दुकानात मीही प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतेच ना, ही फ्रेम तुमच्यासाठीच घडवलेली दिसते. ती म्हणाली, “सुंदर आहे,” आणि डोंगर मागे पडेपर्यंत मान वळवून पाहत राहिली, कारण तसं पाहायचं असतं.

लाताकुंगाला बिस्किटं घेतली. मग चढ लागला, शेतं उभी राहिल्यासारखी तिरपी झाली, हवा विरळ, कानात दडे. किलोतोआला गाडीतून उतरली तेव्हा वाऱ्याने तिला एक पाऊल मागेच लोटलं. काठाशी जाऊन पाहिलं तर खाली, फार खाली, हिरवं पाणी. ज्वालामुखीच्या पोटात साठलेलं, न हलणारं, काचेच्या डोळ्यासारखं. छातीत काहीतरी भरून येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. नऊ वर्षं वाट पाहिलेली गोष्ट समोर आली की तिच्याकडे पाहायची रीतच आठवत नाही.

काठावरच्या टपरीत एक म्हातारी शेगडीवर कणसं भाजत होती, डोक्याला फेल्टची टोपी, अंगावर लाल शाल. तिने मान वर केली, गालोकडे पाहिलं, मग अम्पारोकडे, आणि चिमटा टाकून उठलीच.

“साहेब! अगं बाई... बाईसाहेब, तुम्ही? आपल्या पायांनी आलात?”

अम्पारोला काही कळेना. म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. तळवे कढत होते.

“मागच्या खेपेला, त्या कार्निव्हलात, कशा होतात! डोक्याला फडकं, तोंडावर मास्क, नुसती हाडं. नवऱ्याने खालपासून पाठीवर वाहून आणलंन तुम्हाला. खेचरावर बसायची म्हणून ताकद नव्हती. मी म्हटलं यांना, साहेब, असा नवरा माझ्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नाही. मेणबत्ती लावली होती मी तुमच्या नावाने. बऱ्या झालात की!”

अम्पारोने गालोकडे पाहिलं. तो आता सांगेल. एक शब्द पुरे.

“हो,” गालो म्हणाला. “बरी आहे आता.”

म्हातारीने छातीवर क्रूस काढला. तिचे डोळे भरले होते.

कार्निव्हल. कोणता, ते विचारायची गरज नव्हती. त्या कार्निव्हलात अम्पारोची आई गेली. गल्लीत पोरं पाण्याचे फुगे फेकत होती, शवपेटी नेणाऱ्यांची डोकी भिजली होती, आणि गालो ग्वायाकिलला होता, हिशेबतपासणीला, सुट्टी असून, नाइलाज. आई गेल्याचा मेसेज तिने टाकला होता, त्यावर एकदाच फोन आला होता. त्यात वारा घोंघावत होता. “नदीवरून सुटलाय, काही ऐकू येत नाही,” तो ओरडून म्हणाला होता, आणि तिनेही ओरडून म्हटलं होतं, “आई गेली रे...” हाच वारा. तो खोटं बोलला याचं तिला काही वाटलं नाही. खोटं तर दोघांचंच होतं, सामाईक, घरखर्चासारखं. पण पाठीवर? आमचं नावालाच लग्न उरलंय, म्हणायचा, वेगळ्या खोल्यांत झोपतो आम्ही. त्या वेगळ्या खोल्यांवर नऊ वर्षं उभी होती. आणि हा तिला त्या खाईतून पाठीवर...

फोन वाजला. गालोने पडद्यावर पाहिलं आणि टपरीपासून दूर गेला, काठाकाठाने, तिच्याकडे पाठ करून. खांदे वाकवून, हाताचा आडोसा करून, विडी पेटवणाऱ्यासारखा. ही पाठ तिने कधी पाहिली नव्हती. अम्पारो नेहमी फोनच्या दुसऱ्या टोकाला असायची. पलीकडे एक पाठ असते आणि त्या पाठीला कुणीतरी पाहत असतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

वाऱ्याबरोबर तुकडे येत होते. “...नाही गं बाळा, एकटाच... तुझ्या आईची आवडती जागा... हो, एकटाच...”

अम्पारोच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरलाय. सवयीने. त्याच्या घरून फोन आला की धरायची तसा. हसू आलं तिला, वाईट तऱ्हेचं. अगं, आता तू बायको आहेस; खोक की जोरात. शिंकून दाखव! पण खोकला आला नाही. ती शेगडीजवळ बाकावर बसली आणि हळूच म्हणाली,

“मावशी, मी तेव्हा इथेच बसले होते?”

“इथंच की.”

“काही बोलले का मी?”

म्हातारीने कणीस फिरवलं. “साहेब असेच तिकडं फोन घेऊन गेले होते. मी म्हटलं, बोलावू का त्यांना, सूप निवतंय. तर तुम्ही म्हणालात, नको, बोलू दे. तिची आई गेलीय.”

“कुणाची आई?”

“ते मी कसं विचारू, बाई? तुमच्या घरातली गोष्ट.”

शेगडीतला एक निखारा फुटला. अम्पारोने हात मागे घेतला नाही. म्हणजे पिएदादला ठाऊक होतं. तो मेसेजही वाचला असेल. नावगाव ठाऊक असेल, दुकान ठाऊक असेल. चष्मा करायला आली होती ती चष्म्यासाठी आलीच नसेल. आडोशाला धरलेली नऊ वर्षं, मागच्या जिन्याने आणलेले पाव, रोखलेले श्वास... सगळं त्या बुटक्या बाईच्या डोळ्यांदेखत, आणि तिने वर सवड काढून दिली. दया केली. मरता मरता, सूप निवू देऊन. मला तिचा राग यायला हवा, अम्पारोला वाटलं. तिला निदान माझा यायला हवा होता. माझ्या आईसाठी त्या दिवशी या अख्ख्या डोंगरावर एकच माणूस गप्प बसलं, तेही ती.

गालो परत आला. कान लाल झाले होते.

“लोरेना होती.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. तुला नमस्कार सांगितलाय.”

सहज म्हणाला, फोन खिशात घालता घालता. तिने त्याच्याकडे पाहिलं. थकलेला चेहरा, चष्म्यावर धूळ, आपलं नीट पार पडलं असं समजणारे डोळे. असं खोटं तो तिच्याशी आजवर बोलला नव्हता. हे घरातलं होतं, बायकोशी बोलायचं. आता कुठे आपलं लग्न लागलं, तिच्या मनात आलं, आणि त्यात दुःखापेक्षा थंडीच जास्त होती.

“माझाही सांग,” ती म्हणाली.

“खाली उतरायचं ना? परत चढताना खेचर मिळेल.”

म्हातारीने सुपाचा वाडगा तिच्या हातात दिला. त्याचे पैसे घेणार नव्हती ती, बरी झालेल्या बाईकडून नाही. अम्पारोने वाडगा दोन्ही हातांनी धरला, वाफ तोंडावर घेतली.

“तू हो पुढे,” ती म्हणाली. “मी बसते जरा.” आणि बाकावर थोडी सरकून बसली, शेजारी आणखी कुणाला बसता येईल इतकी.