राहीबाईच्या जिभेवरची पेंग

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. पेंग माझं नाव. झोप ही माझी थोरली बहीण. तिला अंथरूण लागतं. मला काहीच लागत नाही. माणूस बसल्या जागी काम करत असताना मी त्याच्या पापण्यांवर उतरते. मग मान खाली जाते आणि दचकून वर येते. 'पेंग आली', 'डोळे पेंगुळले', 'पोर पेंगतंय' असं लोक म्हणतात. काही शहाणे मला आळसाची बहीण समजतात. साफ खोटं! आळशी माणूस सरळ आडवा होतो. मी राबणाऱ्याकडेच जाते.

लढाईचे दिवस होते. उंब्रजजवळच्या एका गुऱ्हाळात राहीबाई चरकात ऊस घालायला बसली. नवरा मानसिंग पलटणीत, दूर परमुलखात. ऊस तोडून पडलेला. तो वाळला असता तर वर्षाच्या गुळावर पाणी पडलं असतं. दीर जोतीराम चरक फिरवणारे बैल हाकत होता. "वैनी, बायामानसाचं काम न्हाई हे," असं तो सकाळीच हसून म्हणाला होता. राहीबाईने नुसता पदर खोचला. काय तो तिचा हात! ऊस कसा नेमका चरकाच्या तोंडात जायचा, बघत राहावं.

दुपारी मी आलेच. पहाटेपासून राबलेली बाई ती. लोखंडी रूळ फिरत होते आणि तिची बोटं त्यांच्याजवळ सरकत होती. मी तिच्या पापण्यांवर होते, जिभेवरही होते. पण ओठ उघडेनात. दीर हसेल, ही भीती. मी कळवळून म्हटलं, बाई गं, एकदा मला बोल! तिची मान खाली गेली. हातातली बांगडी लोखंडाला लागून फुटली.

"भावजी, बैल थांबवा! मला पेंग आलीया!"

बैल थांबले. जोतीराम धावत आला. फुटलेली बांगडी बघून त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. "वैनी, बरं झालं सांगितलंसा," म्हणत त्याने कासरा तिच्या हाती दिला आणि स्वतः ऊस घालायला बसला. दुसऱ्या दिवशी "मला पेंग आली" असं त्यानेच सांगितलं. तेव्हापासून त्या गुऱ्हाळात माझं नाव निघालं की बैल थांबायचे. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

लढाई संपली, मानसिंग घरी आला. पण गुऱ्हाळात बसतानाही तो पहाऱ्यावर असल्यासारखा ताठ. डोळे लाल, मिटायचं नाव नाही. पहाऱ्यावर पेंगणाऱ्याला पलटणीत शिक्षा होती. तिथे माझं नाव काढायची सोय नव्हती. राहीबाईने आपला शाबूत राहिलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"आवं, पेंग आली तर आली म्हना. हितं कुनी हसत न्हाई."

त्याने ताठ खांदे खाली सोडले. मग म्हणाला, "लय पेंग आलीया गं." आणि भर दुपारी उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगावर त्याचा डोळा लागला. मी त्याला थोरल्या बहिणीच्या हवाली केलं. मला फार फार बरं वाटलं.

मित्रांनो, माझं नाव घ्यायला लाजू नका. आणि कुणी "पेंग आली" म्हणालं, तर हसू नका. आधी बैल थांबवा.